हिराआईंचा पाण्याकाठचा महिना

त्या सकाळी डोंबिवलीच्या भाजी मार्केटात मी मेथी निवडून घेत होतो, तेव्हा महेशचा फोन आला. महेश माझा मेहुणा. एरवी तो फोनवर आधी इकडचं तिकडचं बोलतो. त्या दिवशी एवढंच म्हणाला, "दाजी, आई गेली." चहा पिता पिता मान कलली आणि संपलंच, डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं. मग म्हणाला, "तुमच्या त्या सिनेमाच्या ग्रुपवर तुम्हीच कळवा. मला नाही जमणार." मी मोबाइल उघडला. ग्रुपवर सगळ्यात खाली आईंचाच आवाज होता, चहाच्या थोडा आधी पाठवलेला. जुन्या सिनेमांच्या वाहिनीने पुढच्या महिन्याचं वेळापत्रक जाहीर केलं होतं, महिनाभर फक्त तुरुंगातले सिनेमे. त्यावर आईंचं मत असं होतं, "काय रं ह्या लोकांचं! सगळे सिनेमे जेलातले. म्हंजे आमी काय महिनाभर आत बसायचं? मी नाय बसनार बाबा." मेथीची जुडी तशीच ठेवून मी घरी आलो आणि बायकोला, संगीताला, सांगितलं. रडता रडता तिने तो आवाज दोनदा ऐकला आणि दुसऱ्यांदा तिला हसू आलं. आई गेल्या त्या दिवसापासून आमच्या घरात हे असंच चाललंय... रडायला बसावं आणि हसू यावं.

हिराआई माझ्या सासूबाई. ठाण्याच्या कोपरीतल्या. त्यांचं माहेर-सासर एकाच गल्लीत, दोन्ही घरची माणसं पूर्वी खाडीलगतच्या मिठागरांवर राबणारी. पुढे मिठागरं गेली, जमिनीला भाव आला, घराच्या जागी बिल्डिंग उभी राहिली आणि आई तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. आमचं कुटुंब कोकणातून डोंबिवलीला येऊन स्थिरावलेलं. संगीताशी लग्न करायचं ठरवून मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलेलो, तेव्हा सासरे गंभीर चेहऱ्याने नोकरी, पगार, गाव, भाऊबंद असं सगळं विचारत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "सिनेमा बघतोस का?" मी म्हटलं, बघतो, पण जुने. "शेवटचा कंचा बघितलास?" मी सांगितलं, कोर्टातला एक काळा-पांढरा सिनेमा होता, त्यात म्हातारा बाप स्वतःच्या मुलाविरुद्ध साक्ष देतो. "रडलास?" मी संगीताकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. "रडलो," मी म्हटलं. आई नवऱ्याला म्हणाल्या, "द्या पोरगी. सिनेमा बघून रडनारा मानूस घरात हात उगारत नाय." सासऱ्यांनी पगाराचा प्रश्न तिथेच सोडला आणि पेढे मागवले.

ही वाहिनी सुरू झाली तेव्हा सासरे जाऊन बरेच दिवस झाले होते आणि आईंचे गुडघे बोलायला लागले होते. दुपारी दोनला जेवण आटोपून त्या टीव्हीसमोर बसत त्या थेट दिवेलागणीपर्यंत. वाहिनीवाल्यांनी दर महिन्याला एक विषय घेऊन सिनेमे लावायची टूम काढली आणि आईंना आयुष्यात नवीन काम मिळालं. सिनेमा कसा आहे यापेक्षा तो त्या विषयात बसतो की नाही, यावर त्या जास्त भांडत. 'आदर्श सासू' या विषयाच्या महिन्यात लागलेल्या बहुतेक सासवा सुनांना घराबाहेर काढणाऱ्या निघाल्या, तेव्हा त्यांनी मला फोन केला, "जावय, हे तुज्यासाठी लावलंय. बघ आनि मना फुलं वाहा." एकदा पितृपक्षात भुतांचे सिनेमे लावले होते. आई भयंकर चिडल्या. "आमच्याकडं वर्षातून एकदा घरची मानसं जेवायला येतात, आनि हे त्यांनाच घाबरवतात!"

ग्रुप काढला आमच्याच सोसायटीतल्या प्रधान सरांनी. सर मराठीचे निवृत्त प्राध्यापक, बोलणं छापील, शर्ट कडक इस्त्रीचा. ठाण्या-डोंबिवलीतले दहा-पंधरा जुन्या सिनेमांचे वेडे त्यांनी गोळा केले होते. मी आईंना त्यात घेतलं. त्यांना टाइप करता येत नसे, म्हणून त्या बोलून पाठवायच्या. सुरुवातीला सरांना ते जड गेलं असावं, कारण आई नटांची नावं चुकवायच्या, सालं चुकवायच्या, एका सिनेमाचा शेवट दुसऱ्याला जोडून द्यायच्या आणि तो जोडलेला शेवट पुष्कळदा मूळच्यापेक्षा बरा असायचा. सर एकदा म्हणाले, "हिराताई, या चित्रपटात बाग केवळ नावात आहे. बागेच्या महिन्यात तो घेणे हा शुद्ध प्रमाद आहे." आईंचं उत्तर आलं, "सर, आमच्या बिल्डिंगच्या नावात गार्डन हाय. एक कुंडी दिसते का बघून जा." सर खरंच एका रविवारी कोपरीला येऊन गेले. परत जाताना आईंनी त्यांना सुक्या जवळ्याची चटणी डब्यात बांधून दिली. सर शाकाहारी आहेत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि सरांनीही सांगितलं नाही.

आईंचं एक म्हणणं मात्र कोणीच मनावर घेत नसे. त्या म्हणत, मी सिनेमात काम केलंय. त्या लहान असताना मिठागरावर शूटिंगवाले आले होते, तिथल्या कामकरी बायापोरींना त्यांनी गाण्यात मागे चालायला लावलं होतं, डोक्यावर टोपली घेऊन मीही चालले होते... असं त्या सांगायच्या. सिनेमाचं नाव? माहीत नाही. हिरोइन कोण? पिवळी साडी होती आणि चिखलात घसरून पडली होती, एवढंच. महेश त्यांना "मॅडम, ऑटोग्राफ" म्हणून चिडवायचा. आम्हालाही वाटायचं, बघितलेल्या कुठल्या तरी सिनेमात आईंनी स्वतःला जोडून दिलं असेल. त्यांना तशी सवयच होती.

मग एका महिन्याचा विषय आला 'पाण्याकाठी'. नदी, समुद्र, खाडी असलेले सिनेमे. वेळापत्रकाचं चित्र ग्रुपवर आलं आणि लगेच आईंचा मला फोन, "एकेकाची गोष्ट वाचून सांग." मी नेटवर शोधून एकेक सांगत गेलो. कोळ्याचा पोर, धरणात बुडालेलं गाव, होडीवाल्याची बायको... आई नुसत्या "हं, पुढं" म्हणत होत्या. एका फारशा न चाललेल्या सिनेमाच्या माहितीत लिहिलं होतं की मिठागराच्या मालकाचा मुलगा कामकरणीच्या मुलीच्या प्रेमात पडतो. पलीकडून "हं" आलंच नाही. मग अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तू आनि संगी इकडं या." ग्रुपवर प्रधान सरांनी शंका काढली की हा बहुधा स्टुडिओत मीठ पसरून चित्रित केला असावा. आईंनी उत्तर दिलं नाही. वाद सोडून देणाऱ्या आई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

रविवार होता, सकाळचा शो. आम्ही पोचलो तेव्हा आई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. महेशने दारातच डोळे मिचकावले. सिनेमा तसा सुमारच होता. मालकाचा मुलगा सारखा झाडाला टेकून उभा राहायचा आणि मिठागरावर झाडं कुठून आली, हे मी आईंना विचारणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसलो. मध्यंतर झालं. मग गाणं सुरू झालं आणि पडद्यावर मिठाच्या पांढऱ्या राशी दिसल्या, मागे खाडी, आणि बांधावरून डोक्यावर टोपल्या घेऊन एका रांगेत येणाऱ्या बाया. पुढे हिरोइन. तिची साडी काळ्या-पांढऱ्यात कुठल्याही रंगाची असू शकत होती, पण ती घसरली मात्र खरी. महेश ताडकन उठून उभा राहिला. आम्ही सगळे त्या रांगेत एक पोरगी शोधायला लागलो. हिरोइनच्या खांद्याआड एक बारकी पोर अर्धीमुर्धी दिसत होती, पाठमोरी. संगीता ओरडली, "आई, ही! ही तूच ना गं?"

आई तिकडे बघतच नव्हत्या. त्या पोरीच्या पुढे एक उंच, सडसडीत बाई चालत होती. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही असं त्या बायांना बजावलं असणार, कारण बाकी सगळ्या नाकासमोर चालल्या होत्या. हिने मात्र पदराने कपाळ पुसलं, सरळ आमच्याकडे बघितलं आणि हसली. मग झाडाला टेकलेला हिरो आला आणि रांग गेली.

"आय," आई म्हणाल्या. "ती माजी आय."

टीव्हीवर गाणं चालूच होतं. मग आईंनीच सांगितलं. शूटिंगनंतर वर्षभरात त्यांची आई तापाने गेली. घरात कोणाचा फोटो असण्याचा तो काळ नव्हता. सिनेमा ठाण्याच्या थेटरात लागला तेव्हा आई हट्ट धरून बसल्या, पण बापाने नेलं नाही. तो स्वतः मात्र कोणाला न सांगता एकटाच जाऊन बघून आला होता, हे त्यांना फार पुढे कळलं. "मना तिचं तोंडच आठवत न्हवतं रं," त्या मला म्हणाल्या. "हात आठवायचे, आवाज आठवायचा. तोंड नाय." संगीताने रडत विचारलं, "मग इतकी वर्षं तू असं का नाही सांगितलंस? मी सिनेमात आहे, मी सिनेमात आहे, एवढंच म्हणायचीस." आईंनी डोळे पुसले. "आयला शोधते म्हटलं असतं तर तुमी असेच रडत बसला असता. मी सिनेमात हाय म्हटल्यावर हसलात तरी."

त्याच संध्याकाळी सिनेमा परत लागणार होता. महेशने मधल्या वेळात जे केलं ते मी विसरणार नाही. त्याने बेडरूममधला टीव्ही हॉलमध्ये आणला, गल्लीतल्या मंडळाच्या खुर्च्या मागवल्या आणि घरोघरी जाऊन सांगून आला की मिठागरावरच्या आपल्या बाया टीव्हीवर येणार आहेत, या. अख्खी गल्ली लोटली. वॉकर घेऊन आलेले आजोबा, सुनांच्या हाताला धरून आलेल्या म्हाताऱ्या. मी ग्रुपवर कळवलं होतं, तर प्रधान सरही डोंबिवलीहून इस्त्रीच्या शर्टात हजर झाले. घरी टीव्हीवर रेकॉर्डिंग लावून आलोय, असं त्यांनी मला कानात सांगितलं. गाणं सुरू झालं तेव्हा सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. रांग आली आणि नेमकी त्याच क्षणी पडद्याच्या खालच्या बाजूला साबणाच्या जाहिरातीची पट्टी सरकत आली. बायांचे पाय गेले, गुडघे गेले. सगळी गल्ली वाहिनीच्या नावाने ओरडायला लागली. आई उठल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी टीव्हीपर्यंत गेल्या आणि हसणाऱ्या त्या चेहऱ्यावर बोट ठेवून उभ्या राहिल्या.

आणि मग भांडण लागलं. शेजारच्या शांतामावशी म्हणाल्या, ती तुझी आय नाही, माझी आय, तिच्याच कानात असे झुबे होते. वॉकरवाले आजोबा म्हणाले, मागून तिसरी माझी आत्या. दुसऱ्या कोणाला त्याच तिसरीत आपली थोरली बहीण दिसली. प्रधान सर दोन्ही हात वर करून "शांतता, शांतता" म्हणत होते आणि त्यांना कोणी विचारत नव्हतं. शेवटी आई वळल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ग्रुपवरच्यासारखाच खणखणीत. "अरे, भांडता कशाला? ज्याला जी पायजे ती घ्या. लाइन मोठी हाय!" हॉल हसून हसून लोळला. शांतामावशीही हसल्या, पण माघार त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही.

त्यानंतर आई दोनेक वर्षं आमच्यात होत्या. सरांचं रेकॉर्डिंग महेशने मोबाइलवर घेऊन दिलं होतं, पण त्या ते फारसं बघत नसत. "आता आठवतंय की तोंड," म्हणायच्या. वाहिनीशी भांडणं मात्र चालूच होती, दर महिन्याला ताजी, आणि आता दुपारी टीव्हीसमोर येऊन बसणाऱ्या गल्लीतल्या म्हाताऱ्याही त्यांच्या बाजूने.

परवा काही कामासाठी मी दुपारचा कोपरीला गेलेलो. जिन्यातच हसण्याचा गलका ऐकू आला. महेशच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता आणि त्या ढिगापाशी एक वयस्कर गृहस्थ अवघडून उभे होते. मुरबाडकडचे लांबचे नातेवाईक. आई गेल्याचं त्यांना उशिरा कळलं होतं आणि ते भेटायला आले होते. आतून येणारं हसणं ऐकून त्यांचा पाय पुढे टाकायचा धीर होत नव्हता. "घर हेच ना?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी आत डोकावलो. हॉलमध्ये गल्लीतल्या सात-आठ म्हाताऱ्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसल्या होत्या. अदलाबदलीच्या गोंधळाच्या सिनेमांचा महिना चालू होता आणि पडद्यावर कोणी तरी चुकीच्या घरी जावई म्हणून जेवायला बसला होता. महेश हातात चहाचा ट्रे घेऊन त्यांच्यामधून वाट काढत होता. त्याने दारातल्या पाहुण्यांना पाहिलं, ओळखलं, क्षणभर त्याचा चेहरा हलला... आणि मग तो म्हणाला, "या काका, आत या. बसा आधी. आता इंटरव्हल होईल, मग बोलू."