हुकाखालची जागा

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बावीस वर्षं कारखान्यात छताजवळची क्रेन चालवत होते. मी खाली उभा राहून हाताने खुणा करायचो. वर त्यांची नजर हुकावर, खाली माझा जीव त्यांच्या नजरेवर. त्यामुळे त्यांच्या डोळ्यांत नाक खुपसायचा मला पूर्ण हक्क होता, ताईला काहीही वाटो.

त्या महिन्यात दाजींच्या बहिणीचा एक डोळा एकाएकी लालबुंद झाला. कपाळ फुटेल असं दुखणं, उलट्या, दिव्यांभोवती रंगीत कडी. तिने दोन दिवस अंगावर काढलं आणि त्या डोळ्याची अर्धीअधिक नजर गेली. काचबिंदू आहे, सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. दाजींनी ते हसण्यावारी नेलं. दुखत नाही, खुपत नाही, चष्म्याशिवाय पेपर वाचतो, म्हणे. मी मात्र हट्टालाच पेटलो. आठवड्यापूर्वी क्रेनला लटकलेला लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा माझ्या खांद्याला चाटून गेला होता आणि वर दाजींनी मलाच ऐकवलं होतं, मध्ये कशाला आलास म्हणून.

तपासणीत एक डोळा झाकून समोरच्या ठिपक्याकडे बघायचं आणि कडेला उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. दाजी पटापट दाबत होते. दाराशी बसून मला हायसं वाटलं. पण हयात यंत्रावर घालवलेला माणूस तो. उजेडाआधी यंत्र बारीक कुरकुरतं हे त्यांनी हेरलं होतं आणि ते आवाजावर बटण दाबत होते. यंत्र त्यांच्यापेक्षा वस्ताद निघालं. मधूनच ते नुसतं कुरकुरायचं, उजेड दाखवायचंच नाही.

"उजेड नव्हता तेव्हाही तुम्हाला दिसला," बाई शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी दाजींना पुन्हा बसवलं.

या वेळच्या कागदावर दोन्ही डोळ्यांच्या नजरेत खालच्या बाजूला काळी कमान उमटली. बाईंनी समजावलं, की बहिणीचा प्रकार एकदम येतो आणि बोंब मारतो. यांचा गुपचूप कडेकडेने कुरतडत येतो, मधली नजर सगळ्यात शेवटी नेतो. डोळ्यांपुढे काळं काही दिसत नाही, कारण रिकामी जागा मेंदूच भरून काढतो. गेलेलं परत येणार नाही. थेंब रोज घातले तर उरलेलं टिकेल.

जिन्यात मी विचारलं, "दाजी, वरून मी दिसतो का?"

ते कठड्याला धरून थांबले. "मान खाली घातली की दिसतोस. पण मग हुक दिसत नाही."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"मग लोड खाली कसा सोडता?"

"तू बाजूला झाला असशील, असं धरून चालतो."

त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच वेळी जिना उतरताना त्यांचा हातही सोडवेना. खालच्या पायरीवर ते म्हणाले, "साहेबांना हे माझ्या तोंडून सांगणं व्हायचं नाही."

सकाळी मी सांगितलं. दुपारच्या आत दाजींना क्रेनवरून उतरवलं. नवऱ्याच्या पोटावर पाय दिला म्हणून ताईने माझ्याशी बोलणं टाकलं. वर्षभर मी कशाच्या भरवशावर खाली उभा होतो, ते दाजींनी तिला सांगितलेलं नाही. मीही नाही.