धाकटीचा चेहरा

आमच्या चर्चची किल्ली थर्झा कटिंगकडे असायची. आधी ती तिच्या आईकडे होती. झाडलोट, फुलं, डेव्हेरल घराण्याचे पुतळे धुणं, सगळं किल्लीबरोबरच तिच्याकडे आलं. थडग्यावर लॉर्ड आणि लेडी डेव्हेरल हात जोडून उताणे, आणि खाली गुडघे टेकून बसलेली त्यांची सात मुलं. भिंतीकडच्या धाकटीच्या हातात कवटी, म्हणजे ती आईबापांच्या आधी गेलेली. थर्झाला स्वतःचं मूल नव्हतं. दर शनिवारी धाकटीचं तोंड ती दोनदा धुवायची. मी घंटा वाजवणाऱ्यांतला, दोर तपासायला गेलो की थट्टा करायचो, "कानामागे धुतलंस का?"

"आधी तुझे धू," ती म्हणायची.

मग शहरातून मिस्टर ओकडेन आला, जुन्या पुतळ्यांचा जाणकार. दोन दिवस भिंग लावून पाहिलं आणि चर्चच्या बैठकीत सांगितलं, "हा संगमरवर नव्हे. तसाच दिसणारा मऊ दगड आहे, पाण्यानं झिजतो. कोणीतरी वर्षानुवर्षं धुतलाय. धाकटीला तर चेहराच उरला नाही."

थर्झा आम्हाला चहा देत होती. माझ्या बशीत निम्मा सांडला.

"छत गळतं कधीकधी," पाद्रीसाहेब म्हणाले. माणूस भला, पण खोटं बोलला की कान लाल होतात.

तो आठवडा थर्झाला चैन पडेना. दाराची पायरी दिवसातून तीनदा घासायची, फाटकापर्यंत जायची, परत यायची. शेवटी माझ्याकडे आली. खुर्ची दिली तरी बसेना.

"किल्ली काढून घेतील का रे?"

"गप्प राहा. छत गळतं, ठरलंय ना?"

"छत काय त्या धाकटीच्याच तोंडावर गळतं?"

मला राग आला, तिचा नाही, आमचा. सगळं गाव दर रविवारी त्या थडग्याशेजारी बसतं. कोणाला काही दिसलं नाही.

पुढच्या बैठकीला घराण्यातल्या शेवटच्या, म्हाताऱ्या मिस डेव्हेरलही आल्या. ओकडेन म्हणाला, "निदान चित्र काढून ठेवू. ती भिंतीकडे, म्हणून जुन्या फोटोंत कुठेच दिसत नाही. चेहरा कसा होता, आठवतं कोणाला?"

मिस डेव्हेरलनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं.

"नाक होतं," पाद्रीसाहेब म्हणाले.

थर्झा किटली धरून उभी होती. एकदा दाराकडे गेली, परत आली.

"खालचा ओठ पुढे होता," ती म्हणाली. "रुसल्यासारखा. डावी भुवई जरा वर."

ओकडेनची पेन्सिल चालू झाली. ती त्याच्या खांद्यावरून वाकून सांगत राहिली. "गाल एवढे नका भरू. आणि ओठाखाली खळगा. करंगळीचं टोक मावेल एवढा."

"इतकं बारीक कसं ठाऊक तुम्हाला?"

"पाणी तिथंच साचायचं. मी बोटानं टिपून घ्यायचे."

थर्झानं एप्रनच्या खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. मिस डेव्हेरल बराच वेळ चित्र पाहत राहिल्या, मग त्यांनी किल्ली तिच्याकडे सरकवली.

शनिवारी ती आली, बादलीशिवाय. ओकडेननं दिलेल्या मऊ ब्रशनं सगळ्यांची धूळ झटकली. धाकटीपाशी मात्र नुसतीच उभी राहिली, एप्रनला हात पुसत. हात कोरडेच होते.