नव्या विजारीला ठिगळ

मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात एकच पुतळा होता, तोही जिवंत. त्यांची साडेतीन वर्षांची नात! गल्ली तिला बाहुली म्हणायची. मास्तर तिला असे झालरींचे फ्रॉक शिवत की बायका पोरीला बघायला येत आणि जाताना स्वतःचं कापड टाकून जात. नियम एकच, फ्रॉक मळवायचा नाही. त्यामुळे पोर दिवसभर स्टुलावर.

"ठेवली तिथे राहते, गुणाची आहे," मास्तर मिरवायचे.

मग बालवाडीच्या बाईंनी या गुणाचं बिंग फोडलं. बाकीची मुलं पायरीवरून उड्या मारतात, ही वर उभी राहून रडते. घरी हिच्याशी कोणी खेळतं का?

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाईंना काय कळतंय!"

"बाबा, निदान शिवणातलं तरी तुम्हाला कळतं ना?" काजं करता करता सून म्हणाली. "तिला खाली बसायला सांगा बरं."

बाहुली जेमतेम अर्धी वाकली. कंबरेत कापड ताठलं. "मळेल ना, आजोबा?"

मास्तरांनी गळ्यातला टेप काढून हातात घेतला. चाळीस वर्षं त्यांनी उभ्या माणसांची मापं घेतली होती. धावतं, वाकतं पोर त्यांच्या टेपखाली कधी आलंच नव्हतं.

त्याच दुपारी त्यांनी जाड सुती विजार शिवली. कंबरेला इलॅस्टिक, दोन पायांच्या मध्ये वाकायला जादा कापडाची ऐसपैस कळी आणि गुडघ्यांवर चक्क ठिगळं.

"मास्तर, नव्या विजारीला ठिगळं? डोळे गेले का?" शेजारीण फिसकन हसली.

"पोर पडणार, वहिनी. मी आधीच तयारी केली."

पण विजार काही आपण होऊन उडी मारत नाही. रोज संध्याकाळी तासभर आधी दुकान बंद. मुलगा कामावरून आला की तो, सून आणि मास्तर असे तिघे दुकानाच्या पायरीशी हजर. आधी दोन्ही हात धरले, मग एक, मग नुसतं बोट. बोट सोडलं की बाहुलीचं भोकाड!

आठव्या दिवशी तिने फर्मान काढलं, "आधी आजोबा."

पासष्टीचे आजोबा पायरीवर चढले. खिडक्या भरल्या. मास्तर उडाले आणि त्यांच्याच हातची पँट मागून टर्रकन उसवली.

बाहुली खदखदून हसली आणि हसण्याच्या भरात उडी मारून मोकळी! धपकन बुडावर.

ती उठली, पुन्हा पायरी चढली. "परत!"

मास्तर दोन्ही हातांनी मागची बाजू झाकून उभे होते. दुसरी उडी मात्र अशी सरळ पायांवर आली, की त्यांना टाळ्या वाजवल्यावाचून राहवेना. गल्लीला जे दिसायचं ते दिसलं.