तुळशीरामाच्या घरातला दर्या

लिव बाय. मी बोलते तसं लिव, सुधरवू नको. तुळशीरामाबद्दल लिव. तुझ्या आज्याचा धाकटा भाऊ, माझा दीर. आमच्या अंजूर गावात त्याच्याइतका रिकामा मानूस झाला न्हाय, नि त्याच्याइतका तोऱ्यात चालनारा बी न्हाय.

व्हता काय तर कशेळीच्या गोदामावर वॉचमन. पन खाकी टोपी घालून एसटीतनं उतरला का वाटायचं, गोदाम ह्याच्याच बापानं बांधलंय. आधी शर्यतीचा बैल पाळला, तो शर्यतीत खाली बसला. मग पोपट पाळला. पोपटानं तुळशीरामाचंच खोकनं उचललं, दिवसभर दोघं खोकायचे. मग कबुतरं. घर चालवायची काशी, त्याची बायको. शिलाई मशीन व्हती तिची, पायाची. भिवंडीच्या लूमवरचं तुकड्याचं कापड आनायची नि परकर, उशीचे अभ्रे, बायांचे ब्लाऊज शिवायची. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन. त्या घरात उजेड म्हनशील तर तेवढ्या खिडकीतच. मागं सगळा चुलीचा धूर.

आनि ह्या मानसानं त्याच खिडकीत दर्या आनून ठेवला.

झालं असं, गोदामाचा शेठ मुंबईतली जागा सोडत व्हता. त्याच्या दिवानखान्यात ही एवढी मोठी काचेची पेटी, खाऱ्या पान्याची. आत दर्यातले दगड, रंगीत मासे. नव्या घरात शेठानीला ती नको झाली. फेकायला जीव होईना, न्यायला कोन येईना, म्हनून वॉचमनला म्हनाला, तू घेऊन जा. तुळशीरामाला वाटलं, शेठनं वारसदार केला.

टेम्पो आला तवा आम्ही बाया पान्यावर व्हतो. मागं बघते तर निळी पिंपं. म्हटलं, "भावोजी, पिंपात काय? रॉकेल?"

"दर्याचं पानी वयनी. मुंबईचं."

घराच्या मागं खाडी, आनि हा खारं पानी मुंबईवरनं आनतोय! बाया हसून हसून हंडे सांडायला लागल्या.

संगती एक मानूस व्हता, माधव. शेठकडं येऊन ती पेटी तोच सांभाळायचा. चष्मेवाला, हळू बोलायचा. त्यानं सांगितलं, "खाडीचं पाणी चालणार नाही काकी, त्यात भिवंडीच्या रंगाचं पाणी मिसळतं." ते खरंच व्हतं, खाडी कधी जांभळी, कधी पोपटी दिसायची. पन तुळशीराम लगेच, "ऐका, ऐका! गावठी पानी ह्यांना चालत न्हाय!" जसं काय मासे ह्याचे सोयरे.

मग काशीची मशीन उचलली. तुळशीरामानं हात लावला न्हाय, तो टोपी सावरत सांगत व्हता, "सावकाश, पेटीला धक्का नको." मी नि काशीनं मशीन मागं चुलीपाशी नेली. काशीनं पदरानं मशीनचं चाक पुसलं नि म्हनाली, "ताई, इथं सुईत दोरा कसा दिसनार मला?" मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं, धूर तरी कमी व्हावा म्हनून.

पुढं बघ आता. आपल्या घरांची जमीन दाराकडं उतरती, धुतलं का पानी भाईर जावं म्हनून. पेटी ठेवायची लोखंडी घोडी उभी केली ती वाकडी. माधवनं बाटलीत पानी भरून आडवी ठेवली, बुडबुडा कुठं जातो बघत पायाखाली फळ्या सारल्या. तुळशीराम कंबरेवर हात ठेवून म्हनतो, "थोडं वाकडं असू दे, दर्या काय सरळ असतो?" माधव म्हनाला, "काका, काच फुटेल." तवा कंबरेवरचे हात खाली आले.

काच बसवली, वाळू घातली. वाळूवर ताट ठेवून त्याच्यावर पानी ओतलं, म्हंजे वाळू उडत न्हाय. दगड ओल्या गोनपाटात गुंडाळून आनलेले. काशी म्हनाली, "दुसऱ्याच्या घरचे हायत, गरम पान्यानं धुवून घेते." माधव धावला. म्हनाला दगड जित्ते हायत, त्याच्यावर काय काय जगतं, धुतले तर मरेल. काशी माझ्याकडं बघायला लागली. दगडाची बी सरबराई आली!

मासे फुगलेल्या पिशव्यांत व्हते. त्या तशाच पान्यावर तरंगत ठेवल्या, आतलं नि भाईरचं पानी सारखं ऊन व्हावं म्हनून. मग हळूहळू सोडले. खोटं न्हाय सांगत बाय, बत्ती लावली तवा आम्ही सगळ्या काचेला नाक लावून उभ्या राहिलो. नारिंगी मासा, अंगावर पांढरे पट्टे, नि एका फुलासारख्या हलत्या दगडात शिरून बसायचा, पोर आईच्या पदरात शिरतं तसा. काशी बी वाकून बघत व्हती. तेवढंच सुख त्या पेटीचं.

जाताना माधवनं तुळशीरामाला बजावलं. पानी आटलं का गोडं पानी घाला. पानी फिरवायची मशीन बंद पडू देऊ नका. पेटीत हात घालायचा न्हाय, आपल्याकडनं काय टाकायचं न्हाय. पौर्णिमा झाली का बघायला येतो म्हनाला. तुळशीराम "हां हां" करत व्हता आनि डोळे दाराकडं, कोन कोन बघायला आलंय ते मोजत.

मग काय, दरबार भरला. हा खुर्ची टाकून पेटीच्या बाजूला. येईल त्याला सांगायचा, "ह्याला दर्याचा बाग म्हनतात." चहा काशीनं करायचा. चुलीपाशीच तर बसलेली! धुरानं डोळे लाल, एका ब्लाऊजची बाही उलटी लावली तिनं, आयुष्यात पहिल्यांदा. बाया भिवंडीच्या टेलरकडं जायला लागल्या. गौरी तोंडावर, शिवनाचा मोसम. काशी एकदा म्हनाली, "अवो, पेटी जरा सरकवा, मशीनला खिडकी द्या." तर म्हनतो कसा, "काशे, दर्या सरकतो का कधी?"

मी तोंडावर म्हटलं, "भावोजी, दर्या न्हाय सरकत, पन वॉचमन सरकू शकतो. तुमची खुर्ची उचला." तर आठ दिस माझ्याशी बोलला न्हाय. बरं झालं, कानाला आराम.

नारळी पुनव आली. सगळा गाव खाडीवर निघाला, नारळ घेऊन, वाजतगाजत. तुळशीराम नवा सदरा घालून दारात उभा. म्हनतो, "तुम्ही जा खाडीला. माझा दर्या घरात हाय. मी घरातच नारळ सोडनार."

आम्हाला वाटलं मस्करी. न्हाय बाय! नारळ सोनेरी रंगानं रंगवलेला, हळदकुंकू लावलेलं. आरती ओवाळली त्या पेटीला. आनि दोन्ही हातांनी नारळ सोडला आत. नारळ बुडतो थोडाच? फिरनाऱ्या पान्यावर गरगर गरगर, ह्या दगडाला धडक, त्या दगडाला धडक. नारिंगी मासा जो लपला तो दिसेना. कुंकू पान्यात उतरलं, मग सोनेरी रंग.

काशी म्हनाली, "झाला मान, आता काढा."

"काढू? दर्याला दिलेला नारळ परत घ्यायचा? अपशकुन करतेस?"

"खाडीत पोरं उड्या मारून काढतात की. फोडून खातात."

"ती पोरं. मी न्हाय."

आनि बसला खुर्चीत. पान्याला वास यायला लागला, रंग आला ताकासारखा. एकेक मासा आडवा व्हायला लागला. हा मात्र सांगत बसलाय, "दर्या नैवेद्य घेतोय." अरे, नैवेद्य दर्या घेतोय का तू मासे देतोयस? मानूस एवढा आडमुठा का असतो, मला अजून कळलं न्हाय. चूक दिसत व्हती त्याला. पन गावासमोर आरती केलेली, आता हात घातला तर गाव हसनार. गाव तर आधीपासनंच हसत व्हता.

दुसऱ्या दिवशी माधव आला. दारातच नाक धरलं. "काका, हे काय आहे?"

"नारळ."

"तो दिसतोय मला! काढा आधी. एक मासा अजून श्वास घेतोय. त्याला तरी वाचवू."

तुळशीराम म्हनतो, "परंपरा हाय आमची. दिलेलं परत घेत न्हाय."

मागनं मशीनचा आवाज यायचा थांबला. काशी आली. पदर खोचला, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या नि हात घातला पेटीत. नारळ काढून तुळशीरामाच्या मांडीवर ठेवला, कालच्याच नव्या सदऱ्यावर.

"हा तुमचा नारळ. ओहोटी लागली तुमच्या दर्याला," म्हनाली. मग माधवला, "भाऊ, तो मासा घेऊन जा. जगेल तिथं ने."

"आणि पेटी, काकी?"

"ती राहू दे. घोडी मजबूत हाय."

त्यानं मासा पिशवीत भरला. जिवंत गेला एवढं खरं, पुढं काय झालं कुनाला ठाऊक. तुळशीराम मांडीवर नारळ घेऊन बसलेला, सदऱ्यावर उतरलेला रंग पुसत. म्हटलं, "भावोजी, खुर्ची सोडा आता." उठला बाय, नारळ घेऊन.

पानी आम्ही उपसलं. उतरत्या जमिनीवरनं सगळा दर्या पांढरा फेस घेऊन दारातनं भाईर गेला. काशी मशीन खिडकीत घेऊन आली. लोखंडी घोडीवर फळी टाकली, त्याच्यावर कापडाचे गठ्ठे. त्या दिवशी दिवे लागनीपर्यंत तिनं मान वर केली न्हाय. गौरीच्या आधी सगळ्या बाया परत आल्या.

काचेची पेटी परसात पडली. तिच्यात खुडूक कोंबडी बसवली. आख्खं अंजूर बघायला आलं, काचेतनं कोंबडी अंडी कशी उबवते ते. माशांना आली व्हती त्याच्यापेक्षा जास्ती मानसं.

आनि तुळशीराम? तो सुधारला असं लिवशील तर खोटं लिवशील. म्हातारा झाला तरी नवीन मानूस भेटला का सुरू, "आमच्या घरात दर्या व्हता." काशी मशीन न थांबवता आतनं म्हनायची, "व्हता, व्हता. परसात जाऊन बघा, पिल्लं निघाली का त्याच्यातनं."