मोबाईल आहे का? होय

कोरोनात शाळा बंद झाली तेव्हा मी शेलूबाजारजवळच्या एका गावात सातवीला शिकवत होते. वरून तक्ता आला: कोणाच्या घरी मोबाईल आहे? 'होय' असेल त्याला अभ्यास ग्रुपवर, 'नाही' असेल त्याच्या घरी कागद पोचवायचे. मी घरबसल्या पालकांना फोन लावून एका दुपारी तक्ता भरला. ज्यानं टचचा फोन आहे म्हटलं, त्याच्यापुढे 'होय'. काय ती माझी हुशारी!

महिन्याभरानं दारात एक पोरगी उभी. माळवं पिकवणाऱ्या घरातली, वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करणारी. तोंडाला ओढणी बांधलेली.

"मॅडम, माह्या घरी कागदं काहून नाई येत?"

"तुह्या घरी मोबाईल हाये ना."

"तो बाबापाशी रायते. बाबा दिवसभर भाजी घेऊन फिरतेत. घरी येतेत तवा चार्जिंगच नसते."

तक्ता वर गेला होता. बदलायचा म्हणजे साहेबांची बोलणी खायची. माझं डोकं आधीच तापलेलं. "मंग येतेत तवा चार्जिंगले लाव अन् पायत जाय," म्हणून मी तिला वाटेला लावलं. अभ्यासाचे पाच जादा कागद माझ्या घरातच पडले होते. हातावर ठेवले असते तर माझं काय गेलं असतं?

शाळा उघडली, सगळ्यांना पुढच्या वर्गात ढकललं. ती चार दिवस आली. गणिताला उठवलं तर खडू धरून नुसती उभी राहिली. पोरं हसली. पाचव्या दिवसापासून आलीच नाही. मी घरी जाऊन अक्षरशः हात जोडले. आई म्हणाली, "तेच नाई म्हन्ते, मॅडम. तिले लाज वाटते." पोरगी बाजूला मेथीच्या जुड्या बांधत होती. वर पाहिलंसुद्धा नाही.

स्वतःच्याच कानाखाली ओढावीशी वाटते मला. आणि यंदा पुन्हा तक्ता आला. तोच रकाना: घरी मोबाईल आहे का? अहो, वर बसून रकाने आखणाऱ्यांनो, तो दिवसभर कुणाच्या खिशात असतो, हे कधी विचारणार तुम्ही? मी तरी कुठं विचारलं होतं म्हणा.

गेल्या बाजाराला ती दिसली, वांग्यांच्या ढिगामागे. मांडीवर मोबाईल वाजत होता. मला पाहून तिनं तो बंद केला.

"आता माह्याचपाशी रायते, मॅडम," ती हसून म्हणाली. "टाका ना आता अभ्यास."