देवकीबाईंची बंडी आणि रेतीवरची गाडीबंदी

नागपूरला समुद्र नाही, ही देवाची चूक नागपूरकरांनी फारशी मनावर घेतलेली नाही. चौपाटीला लागतं काय? पाणी, रेती आणि भेळ. पाणी आणि रेती कन्हान नदीत आहे, आणि भेळ तर चार नागपूरकर जिथे उभे राहतील तिथे आपोआप उगवते. म्हणून खाप्याच्या अलीकडे मोरघाटावर दर रविवारी आमची चौपाटी भरते. फरक एवढाच, की मुंबईचा माणूस चौपाटीवर पायी जातो आणि आमचा माणूस पुढची चाकं ओली होईपर्यंत गाडी आत नेतो. मग चारी दारं उघडून गाणी लावतो आणि बायकोला सांगतो, "पाह्य, किती शांत वाटून राह्यलं इथं."

या शांततेच्या अगदी मधोमध देवकीबाईंची डांगरवाडी आहे, आणि आजूबाजूला आणखी चार-पाच जणांच्या.

डांगर म्हणजे पुण्याकडचे लोक ज्याला खरबूज म्हणतात आणि फ्रीजमध्ये ठेवून त्याचा वास घालवतात, ते. दिवाळीनंतर नदी आटली की देवकीबाई आणि त्यांचे यजमान दादाजी रेतीत उतरतात. हातभर खोल नाल्या खणतात, ओल लागली की शेणखत घालून बी टोचतात, वाऱ्याला आडोसा म्हणून तुराट्यांचा कुड घालतात आणि होळीपर्यंत त्या वेलांची लहान मुलांसारखी उस्तवार करतात. वाडीत चपला घालून कोणी पाऊल टाकायचं नाही, हा तिथला कायदा. देवकीबाईंच्या सासूच्या आधीपासूनचा. खुद्द जावईसुद्धा बूट काठावर काढून मग सासूच्या पाया पडायला येतात.

अशा वाडीतून एका रविवारी कोणाची तरी पांढरी जीप गेली. सोळा वेल गेले. देवकीबाई जीपसमोर उभ्या राहिल्या. आतला तरुण म्हणाला, "सॉरी मावशी, दिसलं नाही."

"हिरवं हाय ना बापा," देवकीबाई म्हणाल्या, "रेतीत दुसरं काय हिरवं दिसते तुले?"

तिथून पुढे अकरा वर्षं त्यांनी गाड्यांशी लढाई केली. कुड घातला, तो मोडला. खड्डे खणले, त्यात दादाजीच पडले. शेवटी त्या माझ्याकडे आल्या. मी निवृत्त कारकून. मला पोहता येत नाही, गाता येत नाही, पण अर्ज लिहिता येतो. नदीकाठाचं रूपडं पालटायला एक समिती नेमली होती, तिला आम्ही अर्ज करायला बसलो.

"लिहा भाऊ, रेतीवर चाक नाही पाह्यजे."

"आपत्कालीन वाहनं सोडून, असं घालू का? पद्धत असते तशी."

"सूट नाही. कोनालेच नाही. एकाले सूट देली की त्याचा साळा येते, मंग साळ्याचा दोस्त येते."

तीस वर्षांच्या नोकरीत सरकारी कामकाजाचं इतकं अचूक वर्णन मी ऐकलं नव्हतं. मी लिहिलं. खाली देवकीबाईंनी ठसठशीत सही केली आणि दादाजींनी कोणाचं वाईट होऊ नये अशा बेतानं अंगठा लावला.

आणि काय सांगावं, अर्ज मंजूर झाला. यंदा काम झालंसुद्धा. घाटाला दगडी पायऱ्या आल्या, वर फरशी आली, कमळाच्या आकाराचे दिवे आले, फोटो काढायला माणसाएवढी अक्षरं आली. गाड्यांसाठी वरच मोठा तळ केला. रेतीत उतरायच्या एकुलत्या एका उतारावर लोखंडी दांडा आडवा लागला आणि शेजारी फलक: रेतीवर सर्व चाकी वाहनांस मनाई, कोणासही सूट नाही. पहिल्याच रविवारी गाड्या वर राहिल्या, पोरं पायी रेतीत धावली आणि नदीचा आवाज ऐकू आला. मी चाळीस वर्षं त्या घाटावर जातोय, नदीला आवाज आहे हे मला माहीत नव्हतं.

सोमवारी देवकीबाई बंडी, म्हणजे आमच्याकडची बैलगाडी, घेऊन डांगरं भरायला गेल्या. दांड्यापाशी धोंडबा होता. धोंडबा त्यांच्याच गल्लीतला. पंचावन्नाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा गणवेश मिळाला होता आणि तो त्यात अवघडून उभा होता.

"वहिनी, बंडी नाही नेता येत."

"काहून गा?"

"चाकं हायत तिले."

"मंग काय पाय पाह्यजे होते?"

"फळ्यावर लिवलं हाय वं वहिनी. साहेब म्हनते, तुमच्याच अर्जावरून लिवलं."

देवकीबाई घरी न जाता थेट माझ्याकडे आल्या. मी अर्जाची प्रत काढली. चाक नाही, सूट नाही. सगळं माझ्याच सुवाच्य अक्षरात. देवकीबाईंनी त्या ओळींवरून बोट फिरवलं. "आपनच लिवलं बापा," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, आता मला बोलतील. बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं.

दुखणं साधं होतं. डांगरानं पिकून देठ सोडला की ते दोन दिवस धन्याचं, तिसऱ्या दिवशी बैलांचं. वाडीपासून उतारापर्यंत तीनशे पावलं भुसभुशीत रेती. दादाजींची कंबर गेलेली. डोक्यावर टोपल्या वाहून निम्मं पीक निघालं असतं, निम्मं जागेवर फुटलं असतं.

समितीचे इंजिनिअर पुष्कर साहेब भला माणूस. ते स्वतः वाडी बघायला आले. देवकीबाईंनी त्यांचे बूट काठावर काढायला लावले. चैत्रातल्या दुपारच्या रेतीवर साहेब जे चालले, त्याला चालणं म्हणता येणार नाही. नाचता नाचता त्यांनी नकाशा उलगडला. नकाशात वाडी होती, हिरव्या रंगात, आणि खाली लिहिलं होतं: स्थानिक आकर्षण.

"मावशी, तुमच्या वाडीला धक्का नाही," साहेब एका पायावर उभे राहून म्हणाले.

"वाडीले नाही. पन आकर्षनानं वर कसं यावं, थे कुठं काढलं हाय यात?"

साहेबांनी नकाशा उलटा करून पाहिला. तिकडेही नव्हतं. "समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे," ते म्हणाले. "तुमच्यासाठी खास सूट मागतो."

"सूट मांगाची नाही मले. गाड्या फिराले येतेत, माही बंडी कामाले येते. एवढं समजाले बैठक कायले पाह्यजे?"

उद्घाटन गुरुवारी होतं. मांडव खाली, ऐन रेतीत, पाण्याजवळ. बुधवारी देवकीबाईंना कळलं की पाहुण्यांच्या गाड्या मांडवापर्यंत जाणार आहेत. पाहुण्यांना उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून.

त्यांनी दादाजींना सांगितलं, बंडी पलीकडच्या काठावरून आणायची.

"नदीतून? बैल बुडतीन ना."

"गुडघाभर पानी हाय. आन बैलाले पोहता येते. तुमाले येत नाही, तुमी वर जाऊन बसा."

गुरुवारी सकाळी नऊला उतारावर जे चित्र दिसलं, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. दांड्याच्या वरच्या अंगाला चार काळ्या गाड्या, काचा बंद, आत गारवा. खालच्या अंगाला देवकीबाईंची बंडी, चाकं अजून ओली, वर काठोकाठ डांगरं, आणि वास असा की पहिल्या गाडीची काच आपोआप दोन बोटं खाली आली. मधे दांडा, आणि दांड्याला धरून धोंडबा. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

पुष्कर साहेब धावत आले. "मावशी, तुम्ही आत कशा?"

"नदीतून आली. नदीवर फळा नाही लावला तुमी."

"बरं, पाच मिनिटं बंडी बाजूला घ्या. पाहुणे जाऊ देत."

"कुठं जाऊ दे?"

"खाली. मांडवात."

"गाडीत बसून?"

देवकीबाईंनी कासरा बंडीला गुंडाळला आणि खाली उतरल्या. "मी अकरा वर्सं भांडली या दांड्यासाठी. माह्याच बंडीले लागला, तरी मी दांडा तोडला नाही. नदीतून फिरून आली. आता त्याच दांड्याखालून तुमी या गाड्या नेता? मंग पयले माह्या सोळा वेलाचं उत्तर द्या, बाकीचं नंतर बोलू."

सोळा वेल कुठले, हे साहेबांना माहीत नव्हतं. पण गर्दीतल्या खाप्याच्या लोकांना होतं. लोक नुसते जवळ येऊन उभे राहिले, आणि बैलांनी मान पुढे करून दांडा हुंगला.

साहेब पहिल्या गाडीपाशी गेले. बंद काचेतून काय बोलणं झालं देव जाणे, पण ते परत आले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. "धोंडबा, गाड्या मागे घ्यायला सांगा. पाहुणे पायी येतील."

चारही गाड्या मागे गेल्या. दांडा उचलला गेला. बंडी वर आली आणि तिच्या शेजारून पाहुणे रेतीत उतरले, बुटांत रेती भरत, एकमेकांचा हात धरत. उद्घाटनाची भाषणं त्या दिवशी फार छोटी झाली. घाटाचा हा पहिला फायदा.

दुसऱ्या दिवशी साहेब कागद घेऊन देवकीबाईंच्या घरी आले. एक वर्षाची विशेष परवानगी, दरवर्षी अर्ज करून वाढवता येणारी. देवकीबाईंनी त्यांना डांगर कापून दिलं, कागद वाचून घेतला आणि परत केला. "दरसाल मांगाले येऊ का मी? थे नदी मले दरसाल मांगाले नाही लावत. तुमच्या फळ्यावरच लिवा, वाडीच्या बंड्या सोडून. माही एकटीची नाही, साऱ्याइच्या."

"फलक बदलायला ठराव लागतो, मावशी."

"लागू द्या. डांगरं उद्या निंगतेत."

परवा मी मोरघाटावर गेलो होतो. ठराव अजून व्हायचा आहे, फलक तसाच आहे. दांडा मात्र धोंडबानं बंड्यांपुरता वर केला होता आणि त्याच्याखालून चाकोऱ्या रेतीत उतरल्या होत्या. एका बंडीच्या नव्हे, चांगल्या पाच-सहा बंड्यांच्या. देवकीबाई वेलांत वाकून डांगरं उलटवत होत्या. मी काठावर चपला काढल्या आणि विचारलं, "मिळाली का शेवटी परवानगी?"

त्यांनी मान वर केली नाही.

"कोनाची?"