पऱ्या मोकळा केला, त्याची गोष्ट

हसणार नसाल तर सांगतो. माझ्या हातून आयुष्यात एकदाच समाजसेवा घडली, आणि ती घडली नसती तर एक घर सुखी राहिलं असतं!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीच्या आमच्या शाळेचं स्काउट पथक थंडीत देवरुखच्या पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याला शिबिराला गेलेलं. मी आठवीत, आणि वाघ संघाचा नायक! पण आम्ही समुद्राकाठची पोरं. त्या डोंगरातल्या गारठ्यात वाघांचे दात नुसते कडकडा वाजत होते.

सकाळी सर म्हणाले, "स्काउटने रोज एक सत्कृत्य करायचं. जा, शोधा." आणि स्वतः तंबूपाशी खिचडी टाकायला बसले. तंबू आम्ही पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कोरड्या पात्रात ठोकलेले. मऊ वाळू, सपाट जागा!

पऱ्याने वर चढत गेलो, तर काय! दगड, माती, पालापाचोळा आडवा पडून पाणी तुंबलेलं. मागे हा मोठा डोह.

"पावसात वाहून आलेला गाळ," मी निदान केलं. "खाली गुरं तहानलेली असणार. मोकळा करू या!"

माझा मित्र बाळ्या चाचरला. "अरे, दगड एकावर एक नीट बसलेत. कोणी रचलेत की काय?"

"निसर्गाची करणी!" मी म्हटलं. आठवीतल्या पोराचा काय तो अधिकार!

लागलो उपसायला. तेवढ्यात वरच्या चढणीवर एक आजी दिसल्या. दोन्ही हात हलवून ओरडत होत्या. पाण्याच्या खळखळाटात नीट ऐकू येईना.

"काय म्हणतायत रे?" बाळ्याने विचारलं.

"'फोडून टाका' म्हणतायत!"

घ्या, गावाचा पाठिंबा! मी तीन बोटांची कडक सलामी ठोकली. आजी आणखी जोरात ओरडल्या. आम्ही आणखी जोरात दगड उपटले. शेवटचा धोंडा निघाला, पाणी धो धो सुटलं आणि आम्ही टाळ्या पिटल्या.

आजी धापा टाकत खाली पोचल्या. "मेल्यांनो, फोडू नका, फोडू नका म्हणून घसा सुकला माझा! हे धंदे कोणी सांगितलान तुम्हाला?"

फोडू नका! आता काय करता?

खालून सरांची शिट्टी ऐकू आली. धावत गेलो, तर खिचडीचं पातेलं पाण्यात पुढे, सर मागे. सगळ्यांच्या घोंगड्या चिंब.

पण खरं सांगू? त्याचं काहीच वाटलं नाही. वाटलं ते आजींचं. मुलगे मुंबईला. दिवाळीनंतर आजींनी आणि सुनेने, दोघींनीच दगड वाहून तो बांध घातलेला. त्या पाण्यावर त्यांचा मुळा, लाल माठ, वांगी. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रिकाम्या डोहाकडे बघत नुसत्या बसून राहिल्या.

मग वाघ संघ गुडघाभर गार पाण्यात. बांध घातला, तो गळायला लागला. सुनेने आमचे दगड काढले आणि पुन्हा लावले. डोह काही लवकर भरेना. शिबीर संपेपर्यंत आम्ही वाफ्यांना बादल्यांनी पाणी घातलं. तरी मुळा माना टाकत गेलाच.

निघताना मी आजींच्या पाया पडलो. म्हटलं, "आजी, पुढच्या वर्षी नक्की येतो. तुमच्या मदतीला!"

आजींनी घाईघाईने माझा हात धरला.

"ये हो बाळा. जेवायला ये, राहायला ये. पण मदत तेवढी नको करू!"